उवा बघायलंय ते

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. सकाळी चहा गाळत होते तेवढ्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्लिप येऊन पडली. माजलगाव तालुक्यातल्या लवूळची. माझं माहेर त्याच तालुक्यातलं, त्यामुळे त्या दिवशी ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. कुत्र्यांनी म्हणे वानराचं पिल्लू मारलं, आणि आता वानरं गावातली कुत्र्यांची पिल्लं हुडकून हुडकून उचलतायत, झाडावर नाहीतर माळवदावर नेतायत आणि वरून सोडून देतायत. सूड! आकडाही सोबत होता, अडीचशे पिल्लं. दोन दिवसांत ही बातमी देशभर झाली आणि आठवड्याच्या आत परदेशातल्या लोकांनीही त्यावर विनोद करून झाले. धाकट्या भावानं ग्रुपवर ‘गँगवॉर’ असं लिहिलं. मी तीन हसरे चेहरे टाकले आणि क्लिप बँकेतल्या ग्रुपवर ढकलली. “मॅडम, तुमच्या बीडची वानरंसुद्धा ऐकून घेत नाहीत हो कुणाचं,” असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला, त्यावरही हसले. बीडच्या माणसाला असल्या हसण्याची सवय असते.

संध्याकाळी आईला दाखवली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती फोन हातभर लांब धरून, मान मागं टाकून बघते. जणू फोनचं काहीतरी चुकलंय आणि ती त्याला जाब विचारतेय. क्लिप जेमतेम वीस सेकंदांची होती. तिनं पूर्ण बघितली. परत लावायला लावली. तिसऱ्यांदा बघून फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “सूड कशाचा डोंबलाचा! उवा बघायलंय गं ते त्याच्या.”

मी बघितलं. सकाळपासून दहा वेळा बघितली होती ती क्लिप, पण बघितली नव्हती. पत्र्याच्या कडेला वानर बसलेलं, शेपूट खाली लोंबतेय, मांडीत काळं-तांबूस पिल्लू. एका हातानं पिल्लाला मानेशी धरलंय आणि दुसऱ्या हाताची लांब काळी बोटं त्याच्या पाठीवरचे केस पांगवतायत. मध्येच काहीतरी चिमटीत धरून तोंडात टाकलं. पिल्लू सुटायची धडपड करत नव्हतं. ते तोंड उघडत होतं, मिटत होतं, परत उघडत होतं. क्लिपवर कुणीतरी सिनेमातलं दणदणीत संगीत चढवलेलं, म्हणून त्याचा आवाज येत नव्हता.

“भूक लागली असंल त्याला,” आई म्हणाली. “आन् वानराकडं काय हाय द्यायला?” एवढं बोलून ती कुकरकडं गेली.

ते उघडणारं-मिटणारं तोंड मला काही सोडेना. रात्री पडल्यावर मी अडीचशेचा हिशेब मांडला. एका कुत्रीला पाच-सहा पिल्लं धरली तर चाळीस-पन्नास कुत्र्या एकाच हंगामात व्यायला हव्यात, आणि त्यांचं एकूण एक पिल्लू वानराच्या हाती लागायला हवं. बँकेत आलेलं साधं व्हाउचर मी दोनदा तपासते. हा आकडा मी न तपासता पुढं पाठवला होता, कारण तो ऐकायला मजेदार होता. त्याच महिन्यात वनविभागानं त्या गावातून वानरं पकडून नेली. किती, तर दोन. दोन वानरांची टोळी आणि दोन वानरांचा सूड. नंतर शांतपणे लिहिणाऱ्यांनी लिहिलं, की पिल्लं वर नेली गेली हे खरं, पण बरीचशी वरून पडून किंवा उपाशी राहून मेली असावीत. ते वाचायला कुणी थांबलं नव्हतं. सूडात गोष्ट असते आणि उपाशी मरण्यात काही नसतं.

आमच्याकडे वानर आणि माकड यांत गल्लत कुणी करत नाही, ती शहरातली माणसं करतात. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर. हरभरा घाट्याला आला की टोळी यायची, आणि आम्हा पोरींना डबा वाजवत बांधावर बसवलं जायचं. तेव्हा बघितलेलं एक अजून डोळ्यांपुढे आहे. वानरीचं अगदी नवं पिल्लू काळंकुळीत असतं, मोठ्यांसारखं राखाडी नसतं, आणि ते एकीकडे राहतच नाही. आई बसलेली असायची, शेजारची दुसरी हात लांबवून पिल्लू ओढून घ्यायची, तिच्याकडून तिसरी. पिल्लू चिरकायचं. आई पाला खात बसायची, निवांत. वानरांवर काम करणारे अभ्यासकही हेच सांगतात, की कळपातल्या इतर माद्या, विशेषतः अजून न व्यालेल्या पोरसवदा, तान्ही पिल्लं उचलून मिरवतात. त्यांना तो शिकाऊ उमेदवारीचा काळ असतो, आणि आईला तेवढीच चरायला उसंत. मला ते वाचून आमचं गावातलं घर आठवलं. नवं बाळ आलं की आम्ही पोरी रांग लावायचो, आणि बाळंतीण म्हणायची, घेऊन जा गं बायांनो, मला जरा पडू द्या.

पण याच जनावराची दुसरी बाजूही त्याच पुस्तकांत असते. १९६० च्या दशकात सुगियामा नावाच्या जपानी अभ्यासकानं धारवाडच्या रानात वानरांचे कळप न्याहाळले. बाहेरचा नर येऊन कळप ताब्यात घेतो आणि तिथली तान्ही पिल्लं चावून मारतो, हे त्यानं तिथं बघितलं. पुढे सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी अबूच्या डोंगरात तेच बघितलं आणि त्यावर जगभर वाद झाला. पिल्लू मारणारं आणि दुसऱ्याचं पिल्लू छातीशी धरणारं जनावर एकच. मग लवूळच्या त्या पत्र्यावर काय चाललं होतं? मी तिथं नव्हते. मी आईचे डोळे बघितले, आणि ते मला बातमीदारापेक्षा भरवशाचे वाटले, एवढंच. तिनं आयुष्यभर जनावरं बघितली आहेत. आणि दुसऱ्याच्या मांडीत वाढणं म्हणजे काय, हे तिला आतून माहीत आहे. ते पुढं सांगते.

त्या रात्री आईनंच मला शेळीची आठवण करून दिली.

मी तिसरीत-चौथीत असेन. पिकं निघाली की धनगरांचे कळप यायचे आणि आजोबा दोन-तीन रात्री आमच्या रानात मेंढ्या बसवायचे, खतासाठी. बदल्यात ज्वारी द्यायची. त्या वर्षी आमची तांबडी शेळी पहाटे व्याली, आणि करडू मेलेलंच निघालं. शेळी चाटत होती, चाटत होती, ते हलेना. थांबून बारीक घोगरा आवाज काढायची, परत चाटायची. त्याच रात्री धनगराची एक मेंढी दोन कोकरं घालून मेली होती. एक कोकरू दुसऱ्या मेंढीला कसंबसं लागलं, दुसरं उरलं. धनगर ते कोकरू काखेत मारून आमच्या गोठ्यात आला. आजोबांना म्हणाला, “पाटील, तुमच्या शेळीला कास आन् माझ्या कोकराला तोंड. जमवू का?”

पुढचं मी दाराच्या फटीतून बघितलं, कारण पोरींना तिथून हाकललं होतं. त्यानं मेलेल्या करडाचं कातडं सोललं. भराभर, चार चिरा देऊन, शेपटीकडचा भाग मुद्दाम शाबूत ठेवून. मग त्या कातड्यात पायांसाठी भोकं पाडली आणि ते कोकराच्या अंगावर चढवलं, जसं लेकराला कुंची घालावी तसं. ओलं, लालसर, आतली बाजू चिकट. कोकरू पांढरं आणि वर तांबड्या केसांचा तो अंगरखा. मला एकाच वेळी किळस आली आणि हसू आलं. कोकरू शेळीच्या पुढ्यात सोडलं. शेळीनं तोंड हुंगलं, आणि डोकं खाली घालून ढुशी दिली. कोकरू कोलमडलं. धनगर काही न बोलता उकिडवा बसून राहिला. कोकरू उठलं, तंगड्या फाकवून कासेकडं गेलं, आणि तेव्हा शेळीचं नाक त्याच्या शेपटीखाली पोचलं. ती थांबली. बराच वेळ हुंगत राहिली. मग तोच घोगरा आवाज, मघाचाच, आणि कासेतून दुधाचा थेंब खाली शेणात पडला.

“पान्हावली,” धनगर म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला.

तिसऱ्या दिवशी कातडं घाण मारायला लागलं तेव्हा काढून पुरलं. तोवर शेळीचं दूध कोकराच्या पोटातून गेलं होतं आणि त्याच्या अंगाला तिचाच वास लागला होता. शेळी-मेंढीला आपलं पिल्लू ओळखायला मुदत फार थोडी असते. व्याल्यापासून दोन-चार तासांत जो वास नाकात बसतो तो आपला, बाकीचे परके, त्यांना ढुशी. शास्त्र एवढंच सांगतं. धनगर शास्त्र न शिकता त्या दोन-चार तासांच्या आत आमच्या गोठ्यात आला होता. मी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस शेळीच्या डोळ्यांकडे बघायला बिचकायचे. आपण तिला फसवलं असं वाटायचं. तिचं मेलेलं लेकरू पांघरून दुसरंच कुणीतरी तिचं दूध पितंय, आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त तिला नाही. आजीला मी तसं म्हणाले तर ती म्हणाली, “आन् कास तटतटून ताप आला असता तिला, ते चाललं असतं का तुला?”

मजा पुढं आली. शेळी बोरी-बाभळीपाशी गेली की मागच्या दोन पायांवर उभी राहते, पुढचे पाय फांदीवर टेकवते आणि मान लांबवून शेंडे ओढते. तिची करडं दोन-तीन आठवड्यांची झाली की तशी उभी राहायला शिकतात. आमचं कोकरू तिच्याबरोबर बाभळीपाशी जायचं आणि खाली उभं राहून वर बघत बेंबाटायचं. वर आई हिरवंगार खातेय, आणि याच्या पायांना ते जमत नाही. एक-दोनदा त्यानं पुढचे पाय उचलून बघितले आणि पालथं पडलं. मग त्यानं तोडगा काढला. शेळी वरून ओढताना जो पाला आणि ज्या शेंगा खाली सांडतील त्या खायच्या. तांबडी वर, हे खाली. ती सरकली की हे सरकायचं. गल्लीतली पोरं त्याला ‘खालचा’ म्हणायची. पुढच्या हंगामात धनगर परत आला तेव्हा खालचा चांगला दांडगा मेंढा झाला होता. ठरल्याप्रमाणे तो कळपात गेला. पण दोन रात्री कळप आमच्या रानात होता तोवर तो सारखा कडेला येऊन उभा राहायचा, आमच्या शेळ्यांकडे तोंड करून. चारशे मेंढ्या मागं, आणि याचं तोंड गोठ्याकडं. धनगर त्याला काठीनं आत ढकलायचा.

पुष्कळ वर्षांनी एक प्रयोग वाचनात आला आणि खालच्याचं ते उभं राहणं समजलं. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथल्या संशोधन संस्थेत कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतःच कोकरं शेळ्यांना आणि करडं मेंढ्यांना लावली होती. १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मोठी झाल्यावर ती आपल्या जातीच्या कळपात सोडली. नर जे होते ते तीन वर्षं स्वजातीत राहूनही सांभाळणाऱ्या आईच्या जातीच्या माद्यांकडेच ओढ घेत राहिले. माद्या मात्र वर्ष-दोन वर्षांत बदलल्या, आपल्या जातीत मिसळल्या. हे वाचत होते तेव्हा मी सासरच्या घरात होते, एकोणीस वर्षं. माद्या लवकर बदलतात, या वाक्याशी बराच वेळ थांबले.

असल्या गोष्टी कुणी सांगायला घेतल्या की त्यात हमखास कोंबडी आणि बदकाची पिल्लं येतात, म्हणून माझीही सांगून टाकते. आजीनं एकदा खुडूक कोंबडीखाली बदकाची सहा अंडी ठेवली होती. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांत फुटतात, बदकाची अठ्ठावीस. कोंबडीनं वरचे सात दिवस बिनतक्रार बसून काढले. चार पिल्लं निघाली. ती पाण्यात शिरतील आणि कोंबडी काठावर आकांत करेल असं पुस्तकात वाचलेलं, म्हणून आम्ही सगळी पोरं जमलो. पण आमच्या गावात त्या उन्हाळ्यात पाणी होतं कुठं? शेवटी जनावरांना पाणी पाजायच्या घमेल्यात पिल्लं सोडली. ती फिरली गोल गोल. कोंबडी शेजारी उकिरडा उकरत राहिली, तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. आमचा हिरमोड झाला. कोंबडीचं बरं असतं. तिला पिल्लाला भरवायचं नसतं. ऊब द्यायची, घार आली की पंखाखाली घ्यायचं, दाणा दाखवायचा. पिल्लं आपलं आपण खातात. दूध पाजणाऱ्या जनावराचं तसं नाही. तिथं माया असून भागत नाही, कासेत काही असावं लागतं.

केनियातल्या सांबुरूच्या रानात २००२ च्या सुमारास एक तरुण सिंहीण होती. तिला तिथल्या लोकांनी कामुन्याक असं नाव दिलं, म्हणजे ‘जिच्यावर कृपा आहे अशी’. ती ओरिक्स हरणाचं नुकतं जन्मलेलं पाडस घेऊन फिरायची. त्याच्याशेजारी झोपायची, त्याच्यावर नजर ठेवायची. लोक ते बघायला लांबून येत, डोळे पुसत. पण ती सिंहीण पाडसाला सोडून शिकारीला जाऊ शकत नव्हती, आणि तिला दूध नव्हतं. दोघंही वाळत चालली होती. दोन आठवड्यांनी दुसऱ्या सिंहानं पाडस मारलं. तिनं पुढं परत पाडस आणलं, परत आणलं, निदान सहा वेळा. या प्रत्येक पाडसाची खरी आई कुठंतरी त्याच माळावर तटतटलेली कास घेऊन उभी असणार. कृपा नक्की कुणावर होती, असं विचारावंसं वाटतं. माझ्या एका मैत्रिणीला मी हे म्हणाले तर ती रागावली. म्हणाली, तुला कशातच सुंदर बघता येत नाही. खरं तर येतं. त्या सिंहिणीचे फोटो मी पुष्कळदा बघितले आहेत. पाडसाच्या मानेवर ठेवलेला तो पंजा नखं आत घेऊन ठेवलेला आहे.

गीरची सिंहीण मला म्हणून जास्त आवडते. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या वनखात्याच्या माणसांना एक सिंहीण दिसली, तिला स्वतःचे दोन छावे आणि सोबत तिसरं बिबट्याचं पिल्लू, दोनेक महिन्यांचं. सिंह आणि बिबट्या म्हणजे एकाच रानातले भाऊबंद, सापडलं तर एकमेकांचं पिल्लू मारून टाकणारे. ही त्याला आपल्या छाव्यांबरोबर पाजत होती, शिकारीवर जेवायला बोलवत होती. व्यालेली सिंहीण काही महिने कळपापासून लांब राहते, त्यामुळे हरकत घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. छावे त्याच्याशी खेळायचे, ते झाडाकडे जास्त जायचं, एवढाच फरक. दीड महिना हे चाललं. मग ते पाणवठ्याजवळ मेलेलं सापडलं. अंगावर चाव्याची खूण नव्हती. जन्मतःच हर्निया होता, असं शवविच्छेदनात निघालं. म्हणजे त्याला आईनं टाकलं होतं की ते चुकलं होतं, कोण जाणे, पण जे दिवस मिळाले ते भरल्या पोटी मिळाले.

भरलं पोट म्हटलं की आई येते.

आई दहा महिन्यांची होती तेव्हा तिची आई गेली. पटकीनं गेली म्हणतात. मधल्या चुलतीचं बाळंतपण नुकतंच झालेलं. तिनं आईला उचललं, एका बाजूला स्वतःचा मुलगा आणि एका बाजूला ही. तो मुलगा म्हणजे माझा मधला मामा, तो सत्तरी ओलांडल्यावरसुद्धा चारचौघांत सांगायचा, “या बयेनं माझं अर्धं दूध पळवलं, म्हणून मी बुटका राहिलो.” आईला हे सात वर्षांची होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मग आडावर पाणी शेंदताना कुण्या शेजारणीनं, सहज, दुसऱ्या बाईला ओळख करून द्यावी तसं सांगितलं, ही ती, बिनआईची. आई घरी आली. चुलती भाकरी थापत होती. आई तिच्या पाठीला नाक लावून उभी राहिली. “पिठाचा आन् घामाचा वास यायचा तिचा. म्हणलं बघावं, आज निराळा येतो का,” असं तिनं मला एकदाच सांगितलं, मटार सोलताना. निराळा आला का, ते मी विचारलं नाही. चुलतीला ती शेवटपर्यंत आई म्हणाली. पण कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली, एका बाईचा कडा खाल्लेला फोटो आहे, आणि तो ती कुणाला दाखवत नाही.

त्यामुळे आई त्या क्लिपकडे बघताना वानराच्या बाजूनं बघत नव्हती आणि कुत्रीच्या बाजूनंही नव्हती. ती पिल्लाच्या बाजूनं बघत होती. तिला आधी भूक दिसली.

मला मात्र वानराच्या बाजूनं बघावं लागलं, कारण मी ते वानर होऊन चुकले आहे. दहा वर्षांची असताना, मे महिन्यात, लिंबाखाली मला खारीचं पिल्लू सापडलं. बोटाएवढं, डोळे न उघडलेलं, पाठीवर पट्ट्यांच्या नुसत्या फिकट रेघा. मी ते चपलांच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं. गाईचं दूध वातीनं तोंडात सोडायचं, दर तासाला, रात्रीही उठून. ते वात चोखायचं तेव्हा त्याचे नखांएवढे पंजे माझ्या अंगठ्याला धरायचे, आणि मला छातीत काहीतरी फुटल्यासारखं व्हायचं. पान्हाच असावा तो, दहा वर्षांच्या पोरीचा. खोकं मी कुणाला हात लावू देत नव्हते. चौथ्या दिवशी त्याचं पोट ढोलकीसारखं ताणलं, कातडीतून शिरा दिसायला लागल्या, आणि दुपारी ते गेलं. गाईचं दूध असल्या जिवाला पचत नाही, ते हगवणीनं जातं किंवा फुगून जातं, हे पुढं कळलं. पण मला जे लागलं ते आजीचं बोलणं. ती खोक्यात डोकावून म्हणाली, “उचललं नसतंस तर त्याच्या आईनं नेलं असतं वर. तोंडात धरून नेतात त्या.” आणि मग मला आठवलं, की पहिल्या दिवशी दुपारभर लिंबावर एक खार ओरडत होती. चिर्र, चिर्र, थांबून परत. मी खोक्याला भोकं पाडत बसले होते. त्या आवाजानं माझं पिल्लू घाबरेल, म्हणून मी खिडकी लावून घेतली होती.

लवूळची ती क्लिप बँकेच्या ग्रुपवरून काढून टाकावी असं त्या रात्री वाटलं. पण उशीर झाला होता, फक्त माझ्या फोनमधून जाणार होती. ठेवली तशीच.

यंदाच्या जूनमध्ये आमच्या गॅलरीसमोरच्या रेन ट्रीवर कोकिळेचं पिल्लू कावळ्यांकडे वाढत होतं. या झाडांवर दरवर्षी होतं हे. कोकिळ नर कावळ्यांना डिवचून मागं लावतो, मादी तेवढ्यात घरट्यात अंडं घालून जाते, आणि ते अंडं कावळ्याच्या अंड्यांच्या आधी फुटतं. कावळा एरवी इतका हुशार, पोळीचा तुकडा पाण्यात बुडवून मऊ करणारा, पण इथं फसतो, असं आपण म्हणतो आणि हसतो. संस्कृतात कोकिळेला परभृत म्हणतात, दुसऱ्यानं पोसलेली. शाकुंतलात दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला हाच टोमणा मारतो, की कोकिळा आपली पोरं दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतात, बायकांची जातच अशी धूर्त. कुणाला म्हणतोय तो? जिला आईनं रानात टाकलं आणि पाखरांनी राखलं म्हणून जिचं नाव शकुंतला, जिला कण्वानं वाढवलं, आणि जिनं स्वतः आई मेलेलं पाडस मुठी मुठी सावे भरवून जगवलं, तिला. तिनं आश्रम सोडताना ते पाडस तिचा पदर धरून ओढतं. कॉलेजात हा अंक शिकताना आमचे सर उपमा कशी चपखल आहे ते सांगत होते. मला सरांच्या आणि दुष्यंताच्याही कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

आई सकाळी गॅलरीत पोळीचे तुकडे ठेवते. समोरच्या फांदीवर ते पिल्लू बसलेलं असायचं, अंगानं जवळजवळ कावळीएवढं, काळपट, चोच आ वासलेली आणि आत लालभडक घसा. पंख थरथरवत असं केकाटायचं की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. कावळी पिसं विस्कटलेली, मानेवरची तर पार उडालेली. आईनं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी तिनं कठड्यावर दोन ढीग केले, जरा अंतर ठेवून. एका ढिगाच्या शेजारी पिकल्या पपईच्या फोडी.

“हे कशाला?” मी विचारलं.

“हे त्याला. आन् ते तिला,” आई म्हणाली. “तीबी खाईल की जरा.”

कावळी आली. पपईची फोड उचलून फांदीवर गेली आणि त्या घशात कोंबली. परत आली, परत गेली. पपई संपली. मग ती दुसऱ्या ढिगाशी आली, पोळीचा तुकडा चोचीत धरला, मान वाकडी करून एकदा आईकडं बघितलं आणि तोही घेऊन फांदीवर गेली.

“आगं, तुला ठिवलंय ते!” आई ओरडली, आणि आत जाऊन आणखी अर्धी पोळी घेऊन आली.